इम्प्लांट बसवायचंय आणि रात्री घोरताही? मग या क्रमाने जा

साताऱ्यात माझ्या दवाखान्यात एक काका यायचे. साठी उलटलेली, खालची दाढ काढून तिथे इम्प्लांट, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू घालून त्यावर केलेला दात, बसवलेलं. वर्षभरात त्यावरची सिरॅमिकची कॅप दोनदा तुटली. पहिल्यांदा मी कॅप बदलून दिली आणि विषय संपवला. दुसऱ्यांदा ती हातात घेऊन उजेडात धरली, तेव्हा तिचा कोपरा सुरीने उडवल्यासारखा गेलेला दिसला. शेजारच्या दातांचे उंचवटेही घासून सपाट झाले होते. काका आ करून बसलेले असताना बाजूला उभ्या काकू सहज बोलून गेल्या, "रात्रभर दात खातात हो. आणि घोरता घोरता मधेच गप्प होतात. मी हलवते, तेव्हा कुठं श्वास सुरू होतो."

हे इम्प्लांट बसवायच्या आधी मी विचारायला हवं होतं. विचारलं नव्हतं. तेव्हापासून इम्प्लांटसाठी आलेल्या प्रत्येकाला मी आधी झोपेबद्दल विचारते, आणि घोरण्यासाठी आलेल्याचे दात आधी मोजते. या दोन्ही उपचारांची एकमेकांशी गाठ आहे आणि त्यांचा क्रम चुकला की पैसे, महिने आणि कधीकधी तब्येतही जाते. ज्यांना यातलं काहीच माहीत नाही, त्यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहिते आहे.

आधी घशात काय होतं ते समजून घ्या

घरात कुणी घोरायला लागलं की आपण कौतुकाने म्हणतो, "बघा, कसा गाढ झोपलाय." हा समज सोडून द्या. जिभेच्या मागे आणि पडजिभेच्या आसपास श्वासाची वाट मऊ असते, तिला हाडाचा आधार नसतो. झोपेत स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते, वाट अरुंद होते आणि हवा जाताना तिथलं मांस थरथरतं. तेच घोरणं. वाट पूर्ण मिटली तर छाती आणि पोट धडपडत राहतात, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकतो, माणूस मोठा हुंदका दिल्यासारखा श्वास ओढतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपणाऱ्याला.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला की तो एक प्रसंग धरतात. श्वास पूर्ण थांबण्याचे आणि उथळ पडण्याचे असे तासाला किती प्रसंग होतात, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. 5 च्या आत असेल तर मोठ्या माणसात ठीक. 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम, 30 च्या वर तीव्र. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर ठरतात.

दातांचा इथे संबंध कुठे येतो? जीभ खालच्या जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि मागची वाट उघडते. म्हणून खालचा जबडा झोपेत थोडा पुढे धरून ठेवणारं उपकरण दातांवर बसवून ॲप्नियावर उपचार करता येतो. पण ते उपकरण धरायला तोंडात मजबूत दात हवेत. इम्प्लांटचा विषय इथून सुरू होतो. एक गोष्ट स्पष्ट सांगते: नुसतं इम्प्लांट बसवल्याने ॲप्निया बरा होत नाही. तसं कुणी सांगत असेल तर तिथून उठा.

पहिली पायरी: घरच्या घरी शंका तपासा

तुमच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याचं उत्तर मनाला लावून घेऊ नका. घोरण्याचा आवाज बंद दारातून बाहेर येतो का? मधेच श्वास थांबतो का? मोबाईलवर पहाटे 3-4 च्या सुमाराला पाच मिनिटांचा व्हिडिओ काढायला सांगा, छाती आणि चेहरा दोन्ही दिसतील असा. दहा प्रश्नांनी मला जे कळत नाही, ते त्या पाच मिनिटांत कळतं.

बाकीच्या खुणा तुमच्या तुम्हाला सापडतील. सकाळी डोकं जड, तोंड कोरडं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, ज्याला आपण वयाच्या किंवा साखरेच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. औषधं वाढवूनही न उतरणारं बीपी. दुपारी टेबलावर डुलकी. साताऱ्याहून पुण्याला गाडी चालवत जाताना डोळा लागल्यासारखं झालं, असं कुणी सांगितलं की मी बाकीचं सगळं बाजूला ठेवते. असं होत असेल तर तपासणी होईपर्यंत रात्रीची गाडी चालवू नका.

डॉक्टर मंडळी आठ प्रश्नांची एक यादी वापरतात, तिला स्टॉप-बँग म्हणतात. ती टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी ऑपरेशनच्या आधी धोका ओळखायला तयार केली आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. मोठ्याने घोरणं, दिवसा थकवा, कुणी पाहिलेला श्वासाचा थांबा, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 35 च्या वर, वय 50 च्या वर, मानेचा घेर 40 सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणं, प्रत्येकाला एक गुण. 3 किंवा जास्त झाले तर तपासणी करा, 5 किंवा जास्त झाले तर टाळू नका. पण आपल्याकडे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. अंगाने बारीक माणसालाही ॲप्निया होतो, विशेषतः हनुवटी मागे असेल किंवा जबडा लहान असेल तर. "मी कुठं जाड आहे?" हे तपासणी टाळायचं कारण नाही.

बायकांना इथे दोन शब्द मुद्दाम सांगते. पाळी थांबल्यानंतर हा त्रास वाढतो. पण आपल्याकडे बाईने घोरणं लाजेचं मानतात, त्यामुळे ती सांगत नाही आणि घरातलं कुणी बोलत नाही. ती येते ते "झोप लागत नाही, अंगात त्राण नाही, चिडचिड होते" असं सांगत. अशी तक्रार असेल तर झोपेची तपासणी मागून घ्या.

दुसरी पायरी: झोपेची तपासणी, दातांच्या आधी

ॲप्नियाचं निदान दाताचा डॉक्टर करत नाही. आम्ही शंका घेतो आणि पाठवतो. निदान छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घशाचे डॉक्टर किंवा झोपेच्या आजारांत तयार झालेले फिजिशियन करतात. दवाखान्यात एक रात्र झोपून होते ती पूर्ण स्लीप स्टडी: डोक्याला, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला आणि पायांना तारा, नाकाशी हवा मोजणारी नळी, छाती-पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. बघायला भीती वाटते, पण त्यात टोचत काहीच नाही. केसांना तेल लावून जाऊ नका, तारा चिकटत नाहीत. त्या दिवशी दुपारची झोप आणि संध्याकाळचा चहा टाळा.

घरी करायची छोटी तपासणीही मिळते. तिच्यात मेंदूच्या तारा नसतात, नळी, पट्टा आणि चिमटा एवढंच. शंका दाट असेल आणि हृदयाचा किंवा फुप्फुसाचा मोठा आजार नसेल, तर बहुतेकांना ती चालते. लक्षणं स्पष्ट असून अहवाल बिनधोक आला, तर मात्र दवाखान्यातली पूर्ण तपासणी करून घ्यावी.

अहवाल हातात आला की तीन गोष्टी बघा: एएचआय किती, ऑक्सिजन कमीत कमी कुठवर उतरला, आणि उताणं झोपल्यावर आकडा वाढतो का. तिसऱ्या गोष्टीकडे कुणी बघत नाही, पण काहींचा निम्मा त्रास कुशीवर झोपल्याने कमी होतो.

तिसरी पायरी: मशीन की दातांचं उपकरण?

ॲप्नियाचं सगळ्यात खात्रीचं यंत्र सीपॅप. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये ते जगापुढे मांडलं. मास्कमधून दाबाने हवा येते आणि घशाची वाट आतून फुगवून उघडी ठेवते. एएचआय खाली आणण्यात दातांचं उपकरण त्याची बरोबरी करत नाही. म्हणून आकडा 30 च्या वर असेल, ऑक्सिजन फार उतरत असेल, तर आधी सीपॅपच. इथे मी दाताची डॉक्टर असूनही दातांच्या बाजूने बोलणार नाही.

पण मशीन कपाटात पडून राहिलं तर त्याचा उपयोग शून्य. काहींना मास्क सहन होत नाही, काहींचा कामामुळे सतत प्रवास, काहींच्या गावात रात्री वीज जाते आणि मशीन थांबतं. सौम्य आणि मध्यम त्रासात, किंवा सीपॅप खरोखर प्रयत्न करूनही जमलं नाही तर, जबडा पुढे धरणारं उपकरण हा चांगला मार्ग आहे. लोक ते रोज वापरतात, हीच त्याची ताकद. अमेरिकेतल्या झोपेच्या आणि दंतवैद्यकाच्या संस्थांनी 2015 मध्ये एकत्र दिलेल्या शिफारशीही सीपॅप सहन न होणाऱ्यांना किंवा दुसरा उपचार हवा असणाऱ्यांना हेच उपकरण सुचवतात, आणि उपकरण रुग्णाच्या मापाने बनवलेलं, पुढे-मागे सरकवता येणारं असावं असं म्हणतात. ऑनलाइन मिळणारं, गरम पाण्यात बुडवून चावायचं प्लास्टिक या व्याख्येत बसत नाही. ते सैल बसतं, दात हलवतं आणि जबडा किती पुढे आला हे कुणीच मोजत नाही.

चौथी पायरी: तोंडाचा हिशोब

उपकरण असो की इम्प्लांट, पायाभरणी तीच. आरशासमोर उभे राहा, तोंड पूर्ण उघडा आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं उभी आत घाला. सहज जात असतील तर ठीक. दोनच जात असतील, तिखट खाल्लं की आग होत असेल, गालाच्या आत पांढरट ताठ पट्टे लागत असतील, तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवून आधी तोंड दाखवा. गुटखा, मावा, सुपारीने होणारा हा आजार कर्करोगाकडे जाऊ शकतो. महाराष्ट्रात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे, तरी माझ्या खुर्चीत बसणाऱ्या तरुण मुलांच्या तोंडात बोटं जात नाहीत. अशा तोंडात धड माप घेता येत नाही, मागच्या दाढेपर्यंत ड्रिलही पोहोचत नाही. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्याही आधी नीट कराव्या लागतात.

पुढे, दात मोजा. जबडा पुढे धरणारं उपकरण रात्रभर वरच्या दातांना मागे आणि खालच्या दातांना पुढे ढकलत असतं. तो भार वाटून घ्यायला प्रत्येक जबड्यात पुरेसे घट्ट दात लागतात. साधारण आठ-दहा असावेत, सहाच्या खाली गेले की मला भरवसा वाटत नाही. खालचा जबडा स्वतःहून किमान 5 मिलिमीटर पुढे सरकला पाहिजे. दात हलत असतील, हिरडीतून पू येत असेल, जबड्याच्या सांध्यात दुखत असेल, तर ते आधी.

दात खाण्याची सवयही इथेच सांगा. झोपेत दात खाणाऱ्यांमध्ये ॲप्निया बऱ्याचदा सापडतो. आणि एक चूक सर्रास होते: दात घासलेले दिसले की वरच्या दातांवर साधी रात्रीची पट्टी बनवून देतात. ज्याला ॲप्निया आहे, त्याच्यात अशी पट्टी काही वेळा श्वास आणखी बिघडवते. पट्टी घेण्याआधी घोरण्याबद्दल बोला.

पाचवी पायरी: इम्प्लांट

ज्यांचे दात पुरेसे आहेत त्यांनी ही पायरी ओलांडून पुढे जावं. ज्यांच्या मागच्या दाढा गेल्या आहेत, त्यांनी थांबून वाचा.

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॅनेमार्क यांना 1952 मध्ये सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियम काढता येईना, हाड त्याला चिकटून बसलं होतं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. चाळीस वर्षांनी तो माणूस वारला तेव्हाही ते काम देत होते. आजचं इम्प्लांट म्हणजे तीन भाग: हाडातला स्क्रू, त्यावरची खुंटी आणि वरची कॅप. दवाखान्याने सांगितलेल्या किमतीत यातले किती भाग धरले आहेत, हे पहिल्या भेटीत लेखी विचारा. सीटी स्कॅन, हाड भरणं, तात्पुरती कॅप यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. आरोग्य विम्यात अपघात सोडला तर दातांचा खर्च सहसा मिळत नाही, हेही आधी बघून घ्या. सरकारी दंत महाविद्यालयांत, मुंबईत सीएसएमटीजवळ, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरात, किंवा गोव्यात बांबोळीला, खर्च कमी येतो. फेऱ्या मात्र जास्त होतात.

दात काढून किती दिवस झाले हे महत्त्वाचं. दात गेला की त्या जागेचं हाड आटतं. पहिल्या वर्षात रुंदी जवळपास निम्म्याने कमी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी पहिल्या तीन महिन्यांत. "बघू दिवाळीनंतर" म्हणत वर्ष काढलं की हाड भरायचा खर्च वाढतो.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. साखर असेल तर एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, हवी. 7 च्या आसपास असेल तर मी पुढे जाते, 8 च्या वर असेल तर आधी साखर आटोक्यात आणा म्हणते. हाडं ठिसूळ झाल्याचं वर्षातून एकदा किंवा सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन घेत असाल तर ते आवर्जून सांगा, कारण त्या औषधांवर जबड्याची जखम भरायला त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करू नका. सिगारेट, तंबाखू सोडल्याशिवाय इम्प्लांट करू नये, असं माझं ठाम मत आहे.

ॲप्निया असणाऱ्याने दोन गोष्टी जास्तीच्या सांगायच्या. एक, इम्प्लांटसाठी झोपेचं इंजेक्शन देणार असतील तर स्लीप स्टडीचा अहवाल त्यांच्या हातात द्या. गुंगीत घसा आणखी सैल पडतो. साध्या जागेच्या भुलीवर काम होत असेल तर तेच बरं. नंतर वेदनेसाठी गुंगी आणणाऱ्या गोळ्याही विचारल्याशिवाय नकोत. दोन, वरच्या मागच्या जबड्यात सायनस (दाढांच्या वरची हवेची पोकळी) उचलून हाड भरणार असतील आणि तुम्ही सीपॅप लावत असाल, तर तो दाब जखमेवर येऊ शकतो. मशीन किती दिवस कसं चालवायचं हे दातांच्या सर्जनने आणि झोपेच्या डॉक्टरांनी एकमेकांना फोन करून ठरवायचं असतं. तो फोन करायला लावा. आपल्या मनाने मशीन बंद करू नका.

प्रत्यक्ष ऑपरेशनला लोक घाबरतात तितकं त्यात काही नाही. हिरडी उघडतात, थंड सलाइनच्या धारेखाली सावकाश भोक पाडतात. सावकाश यासाठी, की हाड 47 अंशांच्या वर मिनिटभर तापलं तर ते मरतं आणि स्क्रू धरत नाही. खालच्या जबड्यात ओठाला जाणीव देणारी शीर असते, तिच्यापासून 2 मिलिमीटर तरी अंतर ठेवतात. सीटी स्कॅन लागतो तो मुख्यतः याचसाठी. एका स्क्रूला अर्धा-पाऊण तास. दाढ काढण्यापेक्षा कमी दुखतं, असं बहुतेक जण दुसऱ्या दिवशी सांगतात.

आणि मग वाट बघायची. खाली दोन-तीन महिने, वर चार ते सहा, हाड भरलं असेल तर आणखी. दुबईहून, अमेरिकेहून तीन आठवड्यांच्या सुट्टीत येऊन "सगळं करून द्या" म्हणणाऱ्यांना मी आधीच सांगते की दोन खेपा लागतील. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचा स्टिकर असतो. तो मागून घ्या आणि फाइलला चिकटवा. सहा वर्षांनी दुसऱ्या देशात स्क्रू सैल झाला, तर तिथल्या डॉक्टरला तेवढ्या एका स्टिकरवरून योग्य किल्ली सापडते.

मधल्या महिन्यांत ॲप्नियाचं काय करायचं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. "आधी दात पूर्ण होऊ दे, मग घोरण्याचं बघू" असं म्हणून सहा महिने श्वास अडकत ठेवणं चूक आहे. आकडा मोठा असेल तर सीपॅप तपासणीच्या आठवड्यातच सुरू करा, इम्प्लांटचं काम शेजारून चालू राहील. सीपॅप अजिबात जमत नसेल आणि बाकीचे दात धड असतील, तर इम्प्लांटच्या जागेवर पोकळी ठेवून तात्पुरतं उपकरण बनवता येतं, म्हणजे कोवळ्या स्क्रूवर भार येत नाही. उताणं झोपल्यावर त्रास वाढत असेल तर कुशीवर झोपा. रात्रीची दारू बंद करा, ती घसा सैल करते. वजनाचाही थेट संबंध आहे: एका मोठ्या अमेरिकन पाहणीत 10 टक्के वजन उतरलेल्यांचा एएचआय सरासरी 26 टक्क्यांनी कमी झाला होता.

पक्कं उपकरण मात्र कॅप बसल्यावरच बनवा. ते तुमच्या दातांच्या ठशावर तंतोतंत घडवलेलं असतं. आज उपकरण घेतलं आणि तीन महिन्यांनी दोन कॅप बसल्या, की ते बसत नाही. एक बाई दुसरीकडून महागडं उपकरण घेऊन आल्या होत्या. महिनाभर वापरून झाल्यावर त्यांच्या वरच्या दाढांवर नवा ब्रिज बसवला गेला. उपकरण डबीत, डबी पर्समध्ये, आणि रात्री घोरणं पहिल्यासारखं. दोन्ही कामं करणाऱ्यांनी एकमेकांना काही विचारलंच नव्हतं.

सगळेच दात गेलेल्यांसाठी

पूर्ण कवळीवर जबडा पुढे धरणारं उपकरण टिकत नाही, कवळीच उचलली जाते. दात नसल्याने ओठ-गाल आत जातात, त्यामुळे सीपॅपचा मास्कही गळतो. अशांना खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट बसवून त्यावर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. जेवताना तर फरक पडतोच, आणि निवडक रुग्णांत त्या आधारावर उपकरणाचाही विचार करता येतो. दुसरा पर्याय जीभ चोखून पुढे धरणाऱ्या मऊ फुग्याचा. त्याला दात लागत नाहीत, पण सवय व्हायला वेळ लागतो. कवळी रात्री काढून ठेवायची हा नियम हिरड्यांसाठी योग्यच आहे. पण काहींचा श्वास कवळी काढल्यावर जास्त अडकतो, काहींचा घातल्यावर. तपासणीच्या रात्री कवळी घालून झोपायचं की काढून, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.

सहावी पायरी: उपकरण बसवणं आणि सरकवणं

माप घेताना डॉक्टर एका लहान पट्टीवर तुमचा जबडा पूर्ण मागे आणि पूर्ण पुढे नेऊन अंतर मोजतात. सुरुवात साधारण निम्म्यावर करतात. मग दर एक-दोन आठवड्यांनी छोट्या किल्लीने किंवा पट्टी बदलून थोडं थोडं पुढे. घोरणं थांबलं, सकाळी ताजं वाटलं, की थांबायचं. घाई केली तर सांधा दुखतो.

पहिले काही दिवस लाळ गळते, उशी ओली होते. सकाळी दात आंबल्यासारखे वाटतात आणि दाढा एकमेकींवर नीट बसत नाहीत. हे अपेक्षित आहे. उठल्यावर उपकरण काढून, दिलेली छोटी सकाळची पट्टी दाढांनी हळूहळू चावा, जबडा परत जागेवर येतो. दोन-तीन तासांनीही दाढा टेकत नसतील तर कळवा. वर्षानुवर्षं वापरल्यावर खालचे पुढचे दात किंचित पुढे झुकतात, दातांची पकड बदलते. हे सांगितल्याशिवाय कुणी उपकरण देऊ नये. इम्प्लांट मात्र हलत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती तंतूंची गादी असते, इम्प्लांट थेट हाडाला जुळलेलं असतं. शेजारचे दात सरकले आणि इम्प्लांट तिथेच राहिलं, तर मधे फट पडते, अन्न अडकतं. त्याच गादीच्या अभावामुळे इम्प्लांटला जास्त दाबाची जाणीवही होत नाही, आणि काकांच्या कॅपसारख्या कॅप तुटतात.

उपकरण गार पाण्याने, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने धुवा. गरम पाण्यात ते वाकतं. घरात कुत्रा असेल तर उंच ठेवा, लाळेच्या वासाने कुत्री ते हमखास चावतात.

आणि ही गोष्ट विसरू नका: उपकरण योग्य जागी आलं, की ते घालून पुन्हा झोपेची तपासणी करायची. घोरणं थांबलं म्हणजे श्वास अडकणं थांबलंच असं नाही. आवाज गेला, बायको खूश झाली आणि माणूस पुन्हा आलाच नाही, असं वारंवार घडतं. आकडा उतरला नसेल तर परत सीपॅपचा विचार करावा लागतो. आकडा चांगला आला तरी पहिल्या वर्षात दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा दाखवा. त्याच भेटीत इम्प्लांटभोवतीची हिरडी तपासून घ्या. तिथे दुखत नसतानाही हाड झिजू शकतं, रक्त येणं हीच पहिली खूण असते.

पहिल्या भेटीला येताना औषधांची चिठ्ठी, असतील तर जुने एक्स-रे, मोबाईलमधला तो पाच मिनिटांचा व्हिडिओ, आणि शक्य असेल तर तो काढणारं माणूस सोबत आणा. काकांचा एएचआय 22 निघाला. मास्क त्यांना जमला नाही. आता त्यांच्याकडे उपकरण आहे आणि ते घालून केलेल्या तपासणीत आकडा 6 आला. इम्प्लांटवर आता झिर्कोनिया या जास्त मजबूत सिरॅमिकची, थोडी बुटकी कॅप आहे. गेल्या भेटीला काकू बाहेरच्या बाकावर बसून डुलक्या घेत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आता मला रात्री जागं राहायची सवय लागलीय, ती मोडायला वेळ लागेल."